लाल धुळीतला पांढरा कोट

नवऱ्याने काठीने उचलून कोट उकळत्या पाण्याच्या भाणातून बाहेर काढला तेव्हा तो पांढराशुभ्र झाला होता आणि आखडून बसला होता. नवरा हसत होता. आमची धाकटी लेक शाळेतून येऊन, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून न्हाणीच्या दारात उभी होती.

“बघ गो बाय, कसो पांढरो झालो!”

लेकीने कोट काठीवरून ओढून घेतला, बालदीतल्या थंड पाण्यात बुडवला आणि ओलाच अंगात घातला. दोन्ही हात समोर ताठ धरले. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या.

मी सांखळीच्या बाजारातून बांगडे घेऊन नुकतीच घरात पाय टाकत होते. पिशवी हातातच होती.

“पांढरो झालो,” मी म्हटलं. “आणि बाही खंय गेली?”

नवरा हसायचा थांबला. लेक रडली नाही. ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली, अंगातून पाणी गळत होतं, आणि म्हणाली, “बाबा, आयतारा माका मॅटार घेवचे नाय.”

तो शुक्रवार होता. रविवारी पणजीला ज्युदोची स्पर्धा होती आणि शाळेतून मुलींमध्ये हिची एकटीचीच निवड झाली होती.

आम्ही सुर्ल्याला राहायचो. सुर्ल्याला तेव्हा सगळीकडून खाणी चालू होत्या आणि सकाळपासून ट्रक धावायचे. झाडांची पानं लाल, कौलं लाल, विहिरीचा काठ लाल. आमच्या वाड्यावर पांढरं कुत्रं नव्हतं. होती ती सगळी तांबडी, आणि पावसाळ्यात त्यातली दोन पांढरी निघायची. असल्या गावात कोणी पांढरं कापड घेत नाही. लेकीच्या नशिबात मात्र पांढराच कोट आला.

हायस्कूलच्या खेळाच्या सरांनी मुलामुलींना ज्युदो शिकवायला घेतलं होतं. समोरच्याचा कोट पकडायचा आणि त्याला जमिनीवर पाडायचं, एवढं मला कळलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. पोर्तुगीज गेल्यावर गावात मराठी शाळा उघडली, तिथल्या चार यत्ता. त्यात कुस्ती नव्हती. शेजारीण म्हणाली, “पोरीक गोणपाट कित्याक न्हेसयलां?” मी म्हटलं, “तुझ्या झिलाक धरून आपटूक.” तिचा झील, म्हणजे मुलगा, तेव्हा आमच्या अंगणातून आंबे चोरायचा. त्यानंतर तो आला नाही. ज्युदोचा तेवढा फायदा आम्हाला लगेच झाला.

कोट खरंच गोणपाटासारखा जड होता. तांदळाचे दाणे शेजारी शेजारी शिवून ठेवावेत तसं त्याचं विणकाम. कोट शाळेचा. आधीची एक मोठी मुलगी शाळा सोडताना ठेवून गेली होती. लेकीच्या मापाचा शाळेत तो एकच.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे कापड सुती आहे, गरम पाणी दाखवलंत तर आटेल. मी ते ऐकलं. थंड पाण्यात तासभर भिजवायचा. कॉलरवर आणि बाह्यांच्या टोकांवर लाल बसायचं, तिथं बिमलीची फोड घासायची. बिमलीचं झाड आमच्या मागच्या दारी आहे, आंबट जहर फळ. लोखंडाचा गंज काढते तशी ही खनिजाची लालीही काढते, सगळी नाही पण बरीच. मग साबण थोडा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचं. पिळायचा नाही. पिळला तर जाड शिवणी वाकड्या होतात. दोन्ही बाह्यांतून बांबू घालून आतल्या खोलीत टांगायचा, कारण अंगणात टांगला तर संध्याकाळपर्यंत परत लाल. आत वारा नाही, म्हणून सुकायला दोन दिवस लागायचे. आणि सुकता सुकता येता-जाता बाह्या ओढायच्या. असा मी तो वर्षभर धुतला. आटला नाही. पण पांढराही झाला नाही. कायम जरा गुलाबी.

त्या आठवड्यात सर लेकीला म्हणाले की पणजीला कोट स्वच्छ लागतो, मळका असला तर पंच बाहेर काढतात. लेकीने घरी येऊन ते सांगितलं, आणि ते बापाने ऐकलं.

आता बापाबद्दल सांगते. तो खाणीवर ट्रकात माल भरून घेण्याच्या कामाला होता. घरी यायचा तेव्हा फक्त डोळे ओळखू यायचे. लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात मी सांगून टाकलं होतं, “तुमचे खाणीतले कपडे माझ्या धुण्यात येवचे नाय.” एका शर्टाने बाकी सगळं लाल होतं. तेव्हापासून तो स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा. अंघोळीचं पाणी तापवायचं एक जुनं तांब्याचं भाण त्याने त्यासाठी वेगळं ठेवलं होतं. खाली लाकडं, आत पाणी, धुण्याचा सोडा, आणि उकळी. मग काठीने ढवळायचं, बाहेर काढून दगडावर धोपटायचं. खाणीवरचे सगळेच पुरुष असंच करायचे. खनिज थंड पाण्याने निघत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, आणि त्यात तो सगळ्यांत तरबेज. त्याचा शर्ट बघून बाकीचे म्हणायचे, “अरे, तू खाणीर काम करतस काय ऑफिसात?” त्याला ते फार आवडायचं.

शुक्रवारी त्याची सकाळची पाळी होती; घरी आला आणि मी बाजाराला गेलेली बघून त्याने लेकीचा कोट भाणात घातला. दुपारभर उकळला. पोरीला अचानक दाखवायचा होता.

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. बांगडे मांजराने नेले तरी मी बोलतच होते. शेवटी तो म्हणाला, “बोललंस मा? आता काय करूया ता सांग.”

“काय करतलास? सरांक सांगून ये.”

तो सायकलवर गेला आणि सरांना घेऊन आला. सर स्कूटरवर पुढे, हा मागून दमत. सरांनी लेकीला हात ताठ करायला सांगितले, बाहीचं टोक आणि मनगटाचं हाड यांच्या मध्ये बोटं धरली. “पाच बोटं,” ते म्हणाले. “तीनच्या आत हवी. तिथे प्रत्येकाची बाही तपासतात.”

“पण लढपाक आखूड बाही बरीच नाय काय, सर?” नवऱ्याने विचारलं. “मधी येवची नाय.”

“मधे यायलाच हवी. समोरच्या मुलीला पकडायला बाही नको का? आखूड बाही म्हणजे लबाडी.”

“म्हणजे माझ्या पोरीक धरूक मिळना म्हणून तिका भायर काढतले?”

“हो.”

“जबरदस्त खेळ,” नवरा म्हणाला.

सरांनी दुसरा कोट मिळणार नाही हे सांगितलं. बाकीचे सगळे मोठ्या मापाचे, आणि तेही मुलांनी नेले होते. ते रागावले नाहीत. याबद्दल मी त्यांचे उपकार मानते, कारण कोट शाळेचा होता आणि रागवायचा त्यांना हक्क होता. जाताना एवढंच म्हणाले, “ओला आहे तोवर ओढून बघा. मी रविवारी सकाळी तिथं वाट बघतो. आली तर आली.”

ओढून बघा म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा बदलला. “ताडपत्री,” तो म्हणाला. नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवरच्या ताडपत्र्या पावसात भिजून आखडतात, कडेपर्यंत पोचत नाहीत. मग त्या भिजवून दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात आणि ताणलेल्या असतानाच दोरीने बांधून ठेवतात. सोडल्या की परत आत जातात. खाणीवर लागायच्या आधी तो बार्जवर होता, हे त्याने शंभरदा केलं होतं.

मग आम्ही कोट पुन्हा थंड पाण्यात घातला, सोड्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत पाणी बदललं, आणि लेकीला तो अंगात घालून अंगणात उभं केलं. नुसता कोट ओढला तर खांद्यात फाटेल, आत माणूस पाहिजे. एका बाहीला मी, दुसऱ्या बाहीला तो. लेक मध्ये पाय रोवून.

“ओढ!”

आम्ही ओढलं. शेजारीण कुंपणाला येऊन उभी राहिली. “काय गो, पोरीची वाटणी चल्ली काय?”

“तू पण ये,” मी म्हटलं. “पाय धर.”

लेकीला हसू आलं. हसली की ती सैल पडायची आणि दोघांमध्ये डुलायची. “आई, तू ओढतंसच नाय,” ती म्हणाली. मी जीव खाऊन ओढत होते. पण थोड्या वेळाने बघितलं तर बापाच्या बाजूची बाही तीन बोटांवर आली आणि माझ्या बाजूची साडेचारवर. त्याने आयुष्यभर दोर ओढले होते, मी घागरी. मग आम्ही बाजू बदलल्या. तो माझ्या बाहीवर आला आणि मी त्याच्या. असं अंधार पडेपर्यंत. शेवटी दोन्ही सारख्या झाल्या, तीन बोटांना टेकून, आणि लेक म्हणाली की आता माझे खांदे निखळतील.

ओढताना बाह्यांच्या टोकांना अंगणातली लाली लागली, तिथं मी बिमली घासली. ओढून झालं तरी काम अर्धंच. ओला कोट सुकताना परत आत जाणार. आणि सुकवायचा कुठे? आतल्या खोलीत दोन दिवस लागतात, हातात एकच. अंगणात शनिवारी दिवसभर ट्रक. मी म्हटलं, “पेडण्याक व्हरूया.”

पेडणे माझं माहेर. तिथं भाऊ आणि वहिनी. तिथं खाण नाही, भातशेती आणि काजू. वारा येतो तो नुसता वारा असतो. आणि पेडण्याहून म्हापसा करून पणजीला सकाळी पोचता येतं.

“मी येतंय,” नवरा म्हणाला. पाऊस सुरू होईपर्यंत खाणीवर खरं काम, आणि त्या दिवसांत त्याने कधी रजा घेतली नव्हती, मोठ्या मुलीच्या बारशालाही नाही. मी बघत राहिले. “कोट मी उकळलंय,” तो म्हणाला.

शनिवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. कोट ओलाच, बालदीत, वर केळीचं पान. म्हापशाच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, “मावशे, बालदीन मासळी जाल्यार टपार ठेव. वास मारता.”

“कोट आसा.”

“कोट? बालदीन?”

“तुझ्या आंगार घालू?”

लोक हसले. तो भला पोरगा होता. कशासाठी ते कळल्यावर त्याने आम्हाला पुढे बोलावलं. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं झाकण असतं, तिथं कोट पसरायला सांगितला. “म्हापसा पावसर सुकतलो.” म्हापशाला पोचेपर्यंत, असं त्याचं म्हणणं.

“नको रे बाबा,” मी म्हटलं. “गरमीनंच घात केलो.” तरी त्याने आम्हा तिघांना बसायला जागा करून दिली, आणि गर्दी उभी होती. ते मी विसरले नाही.

पेडण्याला पोचलो तर वहिनीचंही तेच. “चुलीवयल्या माळ्यार घालूया. घडयेन सुकता.” तिथं ती सुकी खारी मासळी ठेवायची. पोर बांगड्याच्या वासाने पणजीला गेली असती. मी नको म्हटलं. भाऊ म्हणाला काजूत उन्हाला लाव, तिथं माकडं येतात, बुजगावणं होईल. वहिनी त्याच्यावर ओरडली, “काजीचो डाग पडलो तर मरेसर जायना!” ते खरं. काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग बिमलीनेही जात नाही.

शेवटी घरामागे दोन माडांच्या मध्ये जागा मिळाली. तिथं सावली आणि नदीकडचा वारा. नवऱ्याने लांब बांबू बाह्यांतून घातला आणि बाह्यांची टोकं सुंबाने बाहेरच्या बाजूला ओढून बांबूलाच बांधली, ताडपत्री बांधतात तशी. सुंबाचा डाग पडू नये म्हणून मधे वहिनीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मग तो खाली बसला. सुंब सैल झालं की उठायचा आणि आवळायचा. भावाने त्याला फेणी विचारली, तो नको म्हणाला. भावाने मला येऊन विचारलं, “भावोजी बरे आसत मा?”

दुपारी लेक त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी मागच्या दारी तांदूळ निवडत होते, ऐकू येत होतं.

“बाबा, नाय घेतल्यानी तरी चलात.”

“गप.”

“खरंच. पुढल्या वर्सा जायन.”

“पुढल्या वर्सा तू वाढतलंस. बाही परत आखूड.” उठून सुंब आवळत तो म्हणाला, “पांढरो मात्र झालो.”

“पांढरो झालो,” ती म्हणाली.

माझ्याशी ती दोघं अशी कधी बोलायची नाहीत. मीही कुणाशी अशी बोलत नाही.

उन्हं उतरायच्या आत कोट सुकला. वहिनीने घडी घालू दिली नाही. इस्त्री तर कोणी काढलीच नाही. रात्रभर तो बांबूसकट पडवीत राहिला आणि सकाळी बांबूसकटच निघायचं असा नवऱ्याचा हट्ट. बसमध्ये तेवढा बांबू मावला नसता. भावाने तो कोयत्याने दोन्ही टोकांना तोडला, सुंबाच्या गाठी राहतील एवढाच ठेवला. असा तो कोट हात पसरून, नवऱ्याच्या खांद्यावरून पणजीला गेला. म्हापशाच्या स्टँडवर लोक बाजूला होऊन वाट देत होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे.

हॉलच्या दारात सर उभे होते. त्यांनी कोट बघितला, बांबू बघितला, आणि सुंब स्वतः सोडलं. लेक कोट घालून रांगेत उभी राहिली. तपासणारी बाई उंच, केस कापलेली. एकेकीला हात पुढे करायला लावत होती. हिची डावी बाही बघून पुढे गेली, उजवीवर थांबली. बोटं लावली. एक, दोन, तीन. परत लावली. मी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्याने माझा दंड धरला होता आणि त्याच्या बोटांत जेवढा जोर होता तेवढा सगळा माझ्या दंडात होता.

बाईने वाकून वास घेतला. “बिमली?” तिने विचारलं.

“हो,” लेक म्हणाली.

“माझी आजी लावायची,” बाई म्हणाली. आणि हात हलवला, पुढे जा म्हणून.

बिमलीच्या वासामुळे तिने सोडली असं नाही. बाही तीन बोटांत बसत होती. ती बसत नसती तर त्या बाईने बाहेर काढलं असतं, चेहराच तसा होता. तरी मी त्या बाईचे आभार मानते, दुसऱ्यांदा मोजल्याबद्दल. एकदाच मोजून नाही म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत.

लेक पहिली लढत जिंकली. दुसरीत म्हापशाच्या एका जाड मुलीने तिची ती उजवी बाहीच पकडली आणि तिला पाठीवर पाडलं. नवरा उभा राहून म्हणाला, “बाही लांब केली म्हणून गावली!” आजूबाजूचे हसले. लेकही मॅटवर पडल्या पडल्या हसली. ढाल मिळाली नाही. एक कागद मिळाला, तो पुढे वाळवीने खाल्ला.

कोट शाळेला परत गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीने घातला. भाणात नवऱ्याने त्यानंतर फक्त स्वतःचेच कपडे घातले, आणि खाणी बंद झाल्यावर ते भाणही मोडीत गेलं. सुर्ल्यात आता पांढरी कुत्री आहेत.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला. तिच्या मुलीला आता कराटेचा कोट मिळाला आहे. “आई, मशीनमध्ये गरमवर लावू का?”

“लाव,” मी म्हटलं. “मग ओढत बस.”

“थंडात डाग जात नाहीत.”

“जात नाहीत तर राहू देत. थंड पाणी, साबण थोडा, पिळू नकोस, सावलीत बांबू घालून टांग, ओला असताना बाह्या ओढ. आणि डागाला बिमली.”

“फोंड्यात बिमली कुठं मिळणार?”

“मी पाठवते.”

ती हसली. मग म्हणाली, “बाबा असते तर स्वतः घेऊन आले असते.”

“बांबूसकट,” मी म्हटलं.

शनिवारी शेजारणीचा तोच मुलगा, आंबे चोरणारा, फोंड्याला चालला होता. त्याच्याकडे पिशवीभर बिमली दिली. त्याने विचारलं नाही कशाला. 

नवरा गेला त्याला सहा पावसाळे झाले. भाऊ त्याच्या आधी गेला, वहिनी मागून. त्या कोटाला हात लावलेल्यांपैकी घरच्या आम्ही दोघीच आहोत, लेक आणि मी.